जुने कपडे जमले, पण पुढे त्यांचे काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात जुने कपडे गोळा करण्याच्या मोहिमेची बातमी होती. छायाचित्रात पिशव्यांचा ढीग, त्यामागे हसतमुख कार्यकर्ते आणि मथळ्यात किती टन कपडे जमले त्याचा आकडा. एका सेवाभावी संस्थेत आलेले कपडे निवडण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. त्याआधीची माझी सगळी नोकरी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झाली. बातमी जिथे संपली तिथून पुढचे सांगावे, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण दोन ओळींत उरकले तर देणाऱ्यांना नुसते बोल लावल्यासारखे होईल. ती माणसे चांगल्या मनाने देतात, हे मी रोज पाहते.

सांगायचे आहे ते असे. संस्थेकडे आलेल्या कपड्यांपैकी गरजूंच्या अंगावर प्रत्यक्ष चढणारे कपडे थोडे असतात. उरलेले वजनावर विकले जातात आणि फार लांब जातात. विकण्यात गैर काही नाही, पण देणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. ‘कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ या समजुतीवर तो कपाट रिकामे करतो आणि निर्धास्तपणे पुन्हा भरतो.

आमच्या टेबलावर काय चालते ते आधी सांगते. पिशवी उपडी केली की पहिल्यांदा नाक कामाला लागते. न वाळलेला एखादा टॉवेल तळाशी राहिला असेल तर कुबट वास येतोच आणि तोवर बुरशी शेजारच्या चार कपड्यांना लागलेली असते. ते सगळे बाजूला जातात, कारण आमच्याकडे धुण्याची सोय नाही. नंतर हात. कॉलरची घडी, काखा, पँटची बैठक, चेन, काज. इलॅस्टिक ताणून सोडायचे. ते मागे आले नाही तर तो कपडा कुणाच्याही कमरेवर टिकणार नाही. मांडीच्या आतल्या बाजूचे कापड उजेडासमोर धरले की विरलेला भाग लगेच दिसतो. हात बसलेल्या माणसाला एका कपड्याला काही सेकंद पुरतात. पण पिशव्या इतक्या येतात की तेवढाही वेळ कमी पडतो.

मध्यंतरी एकाच पिशवीतून दोन कपडे निघाले. एक पुरुषाचा सुती शर्ट. कॉलर झिजल्यावर कुणीतरी ती उसवून, उलटवून पुन्हा शिवली होती. खांद्याला दुहेरी शिवण, बाजूंना आत भरपूर माया (शिवणीपलीकडचे जादा कापड) सोडलेली, सगळी बटणे जागेवर. रंग उडाला होता, पण कापडात जीव होता. दुसरा मुलीचा टॉप, झगमगीत, जेमतेम दोन-चार धुणी झालेला. बाजूची शिवण पिळून पोटावर आली होती. कडा नुसती ओव्हरलॉक केलेली, आत माया अजिबात नाही, म्हणजे उसवून मोठा करायची सोयच नाही. कापड पॉलिस्टरचे, त्यावर गोळे धरलेले. शर्ट देण्याच्या ढिगात गेला, टॉप चिंध्यांत. आणि चिंध्यांतही त्याला किंमत नाही. सुती कपड्याचे निदान यंत्रे पुसायचे फडके होते. पॉलिस्टर पाणी धड शोषत नाही, त्यामुळे कारखानेही ते सहसा घेत नाहीत. तपासनीस असताना असा माल मी मशीनवर परत पाठवला असता. आता असाच माल सर्वांत जास्त शिवला जातो, सर्वांत जास्त विकला जातो आणि आमच्याकडेही सर्वांत जास्त तोच येतो.

गरज आणि आवक यांचा मेळ कधीच बसत नाही. मागणी असते ती लहान मुलांच्या कपड्यांना, पुरुषांच्या कामावर घालायच्या जाड पँटना, स्वेटरना, पांघरुणांना आणि कोऱ्या अंतर्वस्त्रांना. येतात ते बायकांचे टॉप, एकदाच घातलेले समारंभाचे कपडे आणि कुठल्या तरी कार्यक्रमाचे नाव छापलेले टी-शर्ट. लहान मुलांचे कपडे ओळखीपाळखीतच फिरून झिजतात. पुरुष पँट पार फाटेपर्यंत घालतात. म्हणून जे हवे ते आमच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

मग उरलेल्याचे काय? जगभर त्याची वाट साधारण एकच आहे. जुने कपडे घेणारा व्यापारी ते किलोवर उचलतो. मोठ्या छाननी केंद्रांत त्यांचे शेकडो प्रकार पाडले जातात: पुरुषांचे सुती शर्ट वेगळे, जीन्स वेगळ्या, पडदे वेगळे. सर्वांत वरचा माल जुन्या कपड्यांच्या दुकानांत जातो, मधला यंत्राने दाबून, गाठी बांधून जहाजाने निघतो, खालच्याच्या चिंध्या होतात. आपल्याकडे कांडला इथे १९६५ साली आशियातले पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभे राहिले. तिथे आज परदेशातून आलेले जुने कपडे निवडून पुन्हा बाहेर पाठवणारे कारखाने आहेत. म्हणजे एका देशात दान झालेला कपडा दुसऱ्यात निवडला जातो आणि तिसऱ्यात विकला जातो. देणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. विक्रीच्या पैशातून संस्था औषधे घेतात, वसतिगृहे चालवतात. मी त्या विक्रीच्या विरोधात नाही. माझे म्हणणे एवढेच की हे फलकावर लिहा.

हा व्यवहार किती वाढला आहे ते पाहा. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या आकडेवारीनुसार युरोपीय संघातून बाहेर जाणारे जुने कपडे आणि कापड २००० साली साडेपाच लाख टनांहून थोडे जास्त होते. २०१९ मध्ये ते जवळपास १७ लाख टन झाले. त्यातले ४६ टक्के आफ्रिकेत आणि ४१ टक्के आशियात गेले. या काळात जगातली गरिबी काही तिपटीने वाढलेली नाही. वाढले ते कपड्यांचे उत्पादन. जगात २००० साली सर्व प्रकारचे मिळून ५.८ कोटी टन तंतू तयार झाले, २०२३ मध्ये १२.४ कोटी टन. त्यातले निम्म्याहून अधिक पॉलिस्टर.

घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो या जुन्या कपड्यांच्या बाजाराबद्दल मी मिळेल ते वाचत असते, कारण आमच्या टेबलाचे दुसरे टोक मला तिथे दिसते. या बाजारात आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात, असा तिथे काम करणाऱ्या ‘द ऑर फाउंडेशन’चा अंदाज आहे. व्यापारी गाठ विकत घेतो ती बांधलेली. आत काय आहे ते फोडल्यावरच कळते. पैसे बहुधा कर्जाऊ काढलेले. गाठ चांगली निघाली तर हप्ता फिटतो. डागाळलेली, विटलेली निघाली तर कर्ज तसेच राहते आणि पुढची गाठ घ्यायला आणखी कर्ज काढावे लागते. पन्नास-पंचावन्न किलोच्या या गाठी डोक्यावरून वाहून नेणाऱ्या बायका आणि मुली आहेत, बऱ्याचशा देशाच्या उत्तर भागातून पोट भरायला आलेल्या. मी ज्या पिशवीतला कपडा ‘बघू, चालेल कुणाला तरी’ म्हणून पुढे ढकलला असता, त्याचे वजन तिथे एखादीच्या मानेवर येते. म्हणून शंका आली की तो कपडा मी पुढे जाऊ देत नाही.

त्या मालातला कचरा किती, यावर वाद आहे. फाउंडेशन म्हणते, सुमारे चाळीस टक्के. तिथल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांची संघटना म्हणते, पाच टक्क्यांच्या वर नाही. दोघांचे हितसंबंध आणि मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. पण आक्राच्या नाल्यांतून, कोर्ले खाजणातून समुद्रात गेलेल्या आणि किनाऱ्याच्या वाळूत दोरखंडासारख्या पीळ घालून रुतलेल्या कपड्यांची छायाचित्रे सगळ्या जगाने पाहिली आहेत. टक्केवारी काहीही असो, ते कपडे वाळूतून उपसायला माणसे लागतात. आणि त्या बाजाराकडे नुसते कचऱ्याचे ठिकाण म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. तिथे हजारो शिंपी, रंगारी, इस्त्रीवाले रोज जुन्याचे नवे करतात. दुरुस्तीची एवढी मोठी आणि जिवंत जागा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला आणि हजारोंचा धंदा एका रात्रीत बसला. आपल्या वृत्तपत्रांत त्याला फारशी जागा मिळाली नाही, याचे मला फार वाईट वाटले.

चिलीची गोष्ट आणखी उघड आहे. तिथल्या इकीके बंदरात १९७५ पासून करमुक्त क्षेत्र आहे. वृत्तसंस्थांनी २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार वर्षाला सुमारे ५९ हजार टन जुने आणि न विकलेले कपडे तिथे उतरत आणि त्यातले निदान ३९ हजार टन आल्तो ओस्पिसियो शहराजवळ अटाकामाच्या वाळवंटात टाकले जात. ना विकले गेलेले, ना परत पाठवलेले. जून २०२२ मध्ये त्या ढिगाला आग लागली. पॉलिस्टर जळाले की कसला धूर होतो हे कारखान्यात इस्त्रीखाली चुकून एक बाही अडकली तरी कळते. तिथे तर सगळा डोंगर पेटला होता, शेजारी वस्ती.

‘नको असेल तर त्या देशांनी घेऊ नये’ असे म्हणणे सोपे आहे. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ साली तेच ठरवले होते. २०१९ पर्यंत जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करायची आणि आपल्या गिरण्या उभ्या करायच्या. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या सरकारकडे तक्रार केली, व्यापारी सवलती काढून घेण्याचा इशारा आला आणि बाकीचे देश मागे सरले. रवांडाने मात्र किलोमागे वीस सेंटचे शुल्क अडीच डॉलरवर नेले ते खाली आणले नाही. जुलै २०१८ मध्ये त्या देशाच्या कपड्यांना अमेरिकेत मिळणारी करसवलत थांबवली गेली. देणारा आणि घेणारा बरोबरीचे नसले की ‘नको’ म्हणायचीही किंमत मोजावी लागते.

यावर बरेच जण मला विचारतात, की मग यातून पुन्हा कापड का करत नाहीत? करतात, आणि फार पूर्वीपासून करतात. इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने १८१३ साली लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यातून पुन्हा सूत काढले. त्या प्रकारच्या सुताला शॉडी म्हणतात. आज त्याचे मोठे केंद्र आपले पानिपत आहे. पुन्हा घालण्याजोगे जुने कपडे भारतात आणायला परवाना लागतो. चिंध्या म्हणून आणायचे तर ते आधीच कापून निकामी केलेले असावे लागतात. पानिपतात बायका जमिनीवर बसून त्यांतली बटणे, चेन, अस्तर, लेबले काढतात आणि कापड रंगाप्रमाणे लावतात. लाल लाल्यांत, निळा निळ्यांत. त्यामुळे सूत पुन्हा रंगवावे लागत नाही, पाणी आणि रसायने वाचतात. आपत्तीत वाटली जाणारी घोंगडीवजा ब्लँकेटे अनेक वर्षे इथूनच जगभर गेली. त्या कामातले कसब मी मानते. पण पिंजताना धागा तुटतो, आखूड होतो, म्हणून त्यात नवा धागा मिसळावा लागतो. स्वस्त आणि मऊ पॉलिस्टर ब्लँकेट बाजारात आल्यावर या शॉडी ब्लँकेटांची मागणीही घटली.

कपड्यापासून पुन्हा कपडा करणे तर आणखी अवघड. कापूस, पॉलिस्टर आणि ताणणारा धागा एकाच कापडात विणलेले असतात. ते वेगळे करायला खर्च येतो आणि नवे पॉलिस्टर त्याहून स्वस्त पडते. कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्यात येतो, असे एलन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ मध्ये नोंदवले. स्वीडनमध्ये रिन्यूसेल नावाच्या कंपनीने जुन्या सुती कपड्यांपासून नव्या धाग्यासाठी लगदा काढणारा मोठा कारखाना २०२२ साली सुरू केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. यंत्र चालत होते, पण कपडे कंपन्यांकडून पुरेशी मागणी आली नाही. दुकानात ‘जुने कपडे इथे टाका, आम्ही पुनर्वापर करू’ अशी पेटी दिसली की मला हे आठवते.

आपत्तीच्या वेळचे दान हा तर वेगळाच, दुःखाचा विषय आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनारपट्टीत देशभरातून इतके कपडे आले की रस्त्याकडेला त्यांचे ढीग पडून राहिले. घर वाहून गेलेल्या माणसाला मळके, फाटके किंवा त्याच्या वापरात कधीच नसलेले कपडे देणे म्हणजे त्याचा मान न ठेवणे. शिवाय ते उतरवायला, निवडायला, ठेवायला जी माणसे आणि जागा लागते, ती त्या घडीला पाणी आणि औषधांसाठी हवी असते. ‘गूंज’ या संस्थेने तेव्हा त्या कपड्यांची निवड करून ते मार्गी लावायचे काम अंगावर घेतले. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या या संस्थेची एक पद्धत मला फार पटते. गावकरी आपल्या गरजेचे काम स्वतः ठरवतात, विहीर खणणे, रस्ता किंवा बांबूचा पूल करणे, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे व इतर वस्तू घेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. घालण्याजोगे नसलेले सुती कापड धुऊन, निवडून त्याचे मासिक पाळीसाठी पॅड केले जातात. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. कपड्यापेक्षा निवड करणारे हात महत्त्वाचे असतात, हे त्या संस्थेने दाखवून दिले.

तेव्हा कपडे देऊच नका, असे मी म्हणत नाही. आधी संस्थेला विचारा की आत्ता काय हवे आहे, आणि तेवढेच द्या. धुऊन, पूर्ण वाळवून द्या. सकाळी धुतलेला कपडा दुपारी हाताला कोरडा लागला तरी शिवणीत ओल राहते. बटण तुटले असेल तर लावून द्या. तुम्हाला पाच मिनिटे लागतात, आमच्याकडे त्या पाच मिनिटांत अख्खी पिशवी निवडून होते. बुटांचे जोड नाड्यांनी एकमेकांना बांधा, एकेकटा बूट कुणाच्याच कामाचा नाही. वापरलेली अंतर्वस्त्रे देऊ नका. फाटके सुती कापड वेगळ्या पिशवीत घालून वर तसे लिहा, त्याला गिऱ्हाईक आहे. आणि घेताना कापड हाताने चाचपून, शिवण उलटी करून पाहा. आत माया आहे का, जोडाशी कापड ताणले तर धागा उघडा पडतो का. हे पाहण्याची सवय ग्राहकांना लागली तर आमच्या टेबलावरचे निम्मे ओझे कमी होईल, असे मला अनुभवाने वाटते.

पण सगळा भार देणाऱ्यावर टाकणे मला मान्य नाही. कपडा बाजारात आणणाऱ्यानेही त्याच्या शेवटाचा खर्च उचलला पाहिजे. फ्रान्सने २००७ पासून कपडे उत्पादकांवर ही जबाबदारी टाकली आहे. गोळा करणे आणि निवडणे यांसाठी ते पैसे भरतात. युरोपीय संघाच्या सदस्य देशांत १ जानेवारी २०२५ पासून कापड वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले आहे. गोळा केलेले जाणार कुठे, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही, पण निदान तो अधिकृतपणे विचारला जातो. आपल्याकडे तो कोणीच विचारत नाही.

तो आपल्या वृत्तपत्राने विचारावा, अशी विनंती आहे. यापुढे जुन्या कपड्यांचे आवाहन छापताना त्या संस्थेकडून चार गोष्टी लिहून घ्या: आत्ता नेमके काय हवे, काय नको, आलेले कपडे कोण निवडणार आणि उरलेले कुणाला जाणार. तीच माहिती आवाहनाखाली छापा. दोन-तीन महिन्यांनी त्याच संस्थेला पुन्हा विचारा, किती वाटले, किती विकले, किती टाकून द्यावे लागले. जी संस्था हे सांगेल तिच्यावरचा लोकांचा विश्वास वाढेलच. आमच्या विश्वस्तांपुढे मी हा विषय मांडला तेव्हा सुरुवातीला थोडी कुरकुर झाली, देणारे दुरावतील म्हणून. आता दारावरच्या फलकावर ‘उरलेले कपडे विकले जातात व ती रक्कम संस्थेच्या कामासाठी वापरली जाते’ असे स्पष्ट लिहिले आहे. देणारे येतच आहेत. पिशव्या मात्र लहान झाल्या आहेत आणि आतले कपडे पूर्वीपेक्षा चांगले निघतात.

आपला वार्ताहर एक दिवस आमच्या टेबलाशी उभा राहणार असेल तर पिशवी उघडण्यापासून वजन करून माल गाडीत चढेपर्यंत सगळे दाखवायची माझी तयारी आहे. विश्वस्तांची परवानगी मी घेतली आहे. सोमवारी आलात तर उत्तम, शनिवार-रविवारी जमलेल्या पिशव्या आम्ही त्याच दिवशी फोडतो.

आपली,
एक नियमित वाचक